इब्री भाषेंतील कोपवाचक व पात्रवाचक शब्द : मराठी अर्थनिर्णयाची चिकित्सा

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींच्या दप्तरांत बखरी, महजर, शकावल्या आणि पोथ्या यांची रेलचेल असते. परंतु मराठी भाषेचा एक लहानसा पण अस्सल झरा त्यांच्या नजरेंतून बहुधा निसटतो. तो म्हणजे कोंकणांतील बेने इस्राएल लोकांचीं इब्री-मराठी पुस्तकें. कुलाबा जिल्ह्यांत (आतांचा रायगड) तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं ते बंद ठेवणारे हे 'शनवार तेली'. त्यांची घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची इब्री. जॉन विल्सन यांनीं इ. स. १८३२ सालीं मुंबईस इब्री व्याकरणाचीं मूलतत्त्वें मराठींत छापिलीं तीं मुख्यतः यांच्याच उपयोगासाठीं. पुढें १८४६ सालीं मुंबईस आणि १८७४ सालीं पुण्यास, मिसर देशांतील दास्यमुक्तीच्या सणाच्या रात्रीं वाचावयाची 'हगादा' नामक पोथी इब्री व मराठी अशा दुहेरी पाठानें शिळाछापावर निघाली.

यांपैकीं पुण्याच्या पोथीची प्रतिमुद्रा १९६८ सालीं फिशेल यांनीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध केली. ती एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस धाडिली व सोबत एक प्रश्न घातला : "एकाच रागाचे तुकडे पाडून हे जुने आचार्य संख्या मोजीत बसले आहेत, यांत अर्थ काय? राग तो राग!" उत्तर देऊं लागलों तों असें दिसून आलें कीं, प्रश्न केवळ त्या आचार्यांचा नाहीं, परकीय शब्दाला मराठी अर्थ देतांना आम्ही संस्कृतज्ञ मंडळी जी एक चूक पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों, तिचाच तो प्रश्न आहे. म्हणून हें टिपण.

प्रथम ती मोजणी पाहूं. स्तोत्रसंहितेंतील अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्राच्या एका चरणांत, मिसरावर देवानें जें सोडलें त्याचीं नांवें एकापुढें एक आलीं आहेत : हारोन-अफ, एव्रा, झाअम, त्सारा, आणि शेवटीं अरिष्टदूतांची टोळी. रब्बी एलिएझर हे 'हारोन-अफ' यास सामान्य मथळा समजतात व पुढील चारच मोजतात. म्हणजे मिसरांतील प्रत्येक पीडा चौपदरी ठरून दहांच्या चाळीस होतात आणि समुद्रावरच्या दोनशें. रब्बी अकिवा हे 'हारोन-अफ' हेंहि स्वतंत्र पद धरतात. त्यांच्या मतें प्रत्येक पीडा पंचपदरी, म्हणून पन्नास आणि अडीचशें. आमच्याकडील टीकाकार ज्याला पदकृत्य म्हणतात, म्हणजे प्रत्येक पदाचें प्रयोजन दाखविणें, त्याच जातीचा हा वाद आहे. वाक्यांत एकहि पद व्यर्थ नाहीं ही श्रद्धा दोहींकडे सारखीच. आतां मराठी भाषांतरकारानें या पांचांच्या जागीं क्रोध, कोप, रोष, संताप असे अमरकोशांतून उचललेले पर्याय ओळीनें मांडले तर काय होईल? अमरसिंहानें कोप, क्रोध, अमर्ष, रोष हे शब्द एका दावणीस बांधले आहेत. आमच्या कानालाहि ते एकाच अर्थाचे वाटतात. मग वाचकास चाराची व पांचाची मोजणी पोरखेळ वाटली तर दोष त्याचा नव्हे.

मूळ शब्द मात्र एकमेकांचे पर्याय नाहींत. 'हारोन' म्हणजे जळणें. आपण 'जळफळाट' म्हणतों त्याच्या शेजारचा. 'अफ' म्हणजे नाक. 'एव्रा' हा शब्द बहुतेक कोशकार 'ओलांडणें' या अर्थाच्या धातूकडे नेतात. मर्यादा ओलांडून गेलेला कोप, चुलीवरील दूध उतूं जातें तसा. 'झाअम' यांत शापाचा अंश आहे. बलाम या द्रष्ट्याच्या कथेंत हा धातु शाप देणें याच्या जोडीलाच येतो. 'त्सारा' तर कोपवाचक नव्हेच. अरुंदपणा, कोंडी, हा त्याचा मूळ भाव. आणि येथें आमच्या भाषेनें भाषांतरकाराच्या हातांत आयता शब्द ठेविला आहे. संस्कृत 'संकट' याचा मूळ अर्थ अरुंद, चिंचोळें. त्याचेंच मराठी रूप 'सांकडें'. संतांच्या वाङ्मयांत देवाला सांकडें घालतात तें हेंच. याहून नेमका प्रतिशब्द शोधून मिळणार नाहीं.

म्हणजे तो चरण असा चालतो : आंतून पेट घेणें, मग कांठ ओलांडणें, मग तोंडून शाप, मग शत्रूची कोंडी, आणि शेवटीं दूत. हा क्रम एकदां ध्यानीं आला म्हणजे दोन्ही रब्बींची मोजणी पोरकट वाटत नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे, कारण व्युत्पत्तीचा नाद हा आम्हां शास्त्र्यांचा जुना रोग. शब्दाचें मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां 'रागद्वेष' या समासाचा विग्रह मुलांस विचारीत असूं. वर्गांतील निम्मीं मुलें 'राग आणि द्वेष' असें लिहून 'राग' म्हणजे क्रोध असा अर्थ देत. संस्कृतांत 'राग' म्हणजे रंग, लाली, त्यावरून आसक्ति. द्वेषाच्या अगदीं उलट. त्याच शब्दानें मराठींत येतांयेतां प्रेमाचा पक्ष सोडून क्रोधाचा पक्ष धरला. उद्यां एखादा परदेशीय पंडित येऊन 'मराठे लोक क्रोधास आसक्ति समजतात' असें सिद्ध करूं लागला तर आपण हसूं. इब्री शब्दांच्या बाबतींत असेंच हसें पुष्कळ विद्वानांनीं करून घेतलें होतें व १९६१ सालीं जेम्स बार यांनीं त्यांची चांगलीच झाडाझडती घेतली. 'केत्सेफ' हा आणखी एक कोपवाचक शब्द घ्या. होशेय प्रवक्त्याच्या ग्रंथांत पाण्यावरील 'केत्सेफ' असा प्रयोग आहे. जुने टीकाकार त्याचा अर्थ 'फेस' करीत, आणि रागानें तोंडाला फेस येतो म्हणून कोपाचा अर्थहि जुळवून देत. परंतु योएलाच्या ग्रंथांत त्याच घराण्यांतील शब्द अंजिराच्या झाडाच्या चिरफळ्यांस लावलेला आहे; तेव्हां होशेयाच्या पाण्यावर फेस नसून काटकी तरंगत असण्याचाच संभव अधिक. दिसण्यांत सारखे पण जातीनें निराळे असे दोन धातु येथें मिसळले गेले. जुळलेली व्युत्पत्ति गोड असते, म्हणूनच तिच्यावर पहारा ठेवावा लागतो.

हा पहारा ठेवूनच आतां 'अफ' या शब्दाकडे वळूं. अरबींतील 'अन्फ' म्हणजे नाक, त्याचाच हा भाऊ. इब्री मनुष्य 'त्याचें नाक जळलें' असें म्हणे तेव्हां प्रत्येक वेळीं त्याच्या डोळ्यांसमोर नाक उभें राहत असेल असें नाहीं. आपणहि 'त्याच्या नाकावर राग आहे' असें म्हणतांना नाकाकडे पाहत नाहीं. पण संबंध अगदीं मेलेलाहि नसतो. नाकपुड्या फुगलेल्या दिसतांच वाक्प्रचार जागा होतो. जी भाषा नाकाच्या शेंड्यावर राग बसविते, तिच्या भाषांतरकारानें 'अफ' या शब्दासाठीं अमरकोश उघडावा याचें आम्हांस नवल वाटतें.

याच शब्दाचा एक विशेष प्रयोग आहे : 'एरेख अप्पयिम', अक्षरशः 'लांब नाकपुड्यांचा'. हें देवाचें विशेषण असून त्याचा अर्थ, कोपाला वेळ लावणारा. प्रचलित मराठी बायबलांत यासाठीं 'मंदक्रोध' हा शब्द रूढ आहे. शब्द सुटसुटीत आहे, कानास गोड आहे. तथापि त्यावर आमचा आक्षेप आहे. 'ज्याचा क्रोध मंद आहे तो' असा बहुव्रीहि सोडविला म्हणजे क्रोधाचा जोर कमी असा अर्थ निघतो. मुळांत जोर कमी नाहीं; तो येण्यास विलंब आहे. आला म्हणजे तो हारोनच. उलट 'चिरक्रोध' म्हणावें तर क्रोध दीर्घकाळ टिकतो असा भलताच अर्थ होईल. संस्कृत समासाच्या या दोन्ही वाटा खड्ड्यांत नेणाऱ्या. मग लांबी कशाची? आमच्या मतें श्वासाची. याच्या उलट जो शीघ्रकोपी त्यास इब्रींत 'आंखूड नाकपुड्यांचा' म्हणतात, आणि मिसरांतील कष्टांनीं गांजलेल्या लोकांच्या अधीरतेस 'श्वासाचा आंखूडपणा' म्हटलें आहे. नाकपुडी येथें श्वासाच्या ऐवजीं उभी आहे. आणि मराठी मनुष्य धीर धरण्यास काय म्हणतो? 'दम धर.' दमदार, लांब दमाचा, दम निघत नाहीं. सगळा संसार श्वासाचाच. 'एरेख अप्पयिम' म्हणजे लांब दमाचा. (हा 'दम' फारसी, संयम या अर्थाचा संस्कृत 'दम' निराळा. दोघे मराठींत एकाच घरीं नांदूं लागले आणि एकमेकांचे कपडे घालूं लागले, हें जातां जातां सांगतों.) देवाच्या विशेषणास हा शब्द घरगुती वाटेल अशी हरकत कोणी घेईल. पण मूळ शब्द तरी कोठें दरबारी आहे?

भांड्यांच्या शब्दांत तर आमचा प्रमाद याहून मोठा, कारण तेथें 'पात्र' हा एकच शब्द पुढें करून आपण सारी मांडणी मोकळी करतों. इब्रींतील सर्वसामान्य शब्द 'केली'. तो भांड्यास, हत्यारास, वाद्यास, सरंजामास, घडविलेल्या कोणत्याहि वस्तूस लागतो. कोशांत इतके अर्थ पाहून विद्यार्थी गोंधळतो. संस्कृत जाणणारानें मात्र गोंधळूं नये. 'भाण्ड' म्हणजे भांडें, विक्रीचा माल, घोड्याचा साज, वाद्यहि. त्याच्याच घराण्यांत 'भांडार' व 'भांडवल'. 'केली' यास 'भांडें' हा शब्द केवळ चालतो असें नव्हे, तर दोघांच्या आयुष्याची वाट एकच आहे. मराठी 'भांड्या'नें उतारवयांत आपला पसारा आवरून स्वयंपाकघर धरलें, इतकेंच.

विशेष नांवांत 'कद' पाहा. रिबेका विहिरीवर खांद्यावरून 'कद' आणते. तेथें 'घागर' योग्यच. पण कोल्हापुरांत आज घागर म्हटली कीं तांब्यापितळेची डोळ्यांपुढें येते. आणि गिदोनाच्या शिपायांनीं रात्रीं ज्यांत मशाली लपविल्या व एकदम फोडल्या त्याहि 'कद'च. पितळेची घागर आपटल्यानें शत्रु जागा होईल, फुटावयाची नाहीं. त्याचप्रमाणें सारफथच्या विधवेचें मूठभर पीठ 'कद' यांतच होतें. पीठ घागरींत कोणी ठेवीत नाहीं, तें मडक्यांत ठेवितात. सारांश, 'कद' हें मातीचें, रुंद पोटाचें, उचलण्याजोगें भांडें. मराठींत प्रसंगानुसार त्यास घागर वा मडकें म्हणावें, पण दोन्ही मातीचीं हें विसरूं नये. शौल राजाच्या उशाशीं असलेलें व दावीदानें पळविलेलें 'त्सप्पहत' हें प्रवासांतलें चपटें जलपात्र. त्यास आमच्याकडील छागळ जवळची, मात्र छागळ कातड्याची किंवा जाड कापडाची. 'नेबेल' यास पुष्कळ दिवस कातडी बुधला समजत. १९१० सालीं समारिया येथें खापरांवर शाईनें लिहिलेल्या सरकारी नोंदी सांपडल्या, त्यांत जुन्या द्राक्षारसाचे व तेलाचे 'नेबेल' मोजलेले आहेत. त्यावरून व उत्खननांत सांपडलेल्या भांड्यांवरून तो मातीचा रांजणहि असे हें स्पष्ट होतें.

उत्खननाचा विषय निघाला म्हणून सांगतों. नांव एकीकडे व वस्तु दुसरीकडे ही अवस्था आमच्या गांवींहि आहे. पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरीच्या टेंकाडाचें १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व दीक्षित यांनीं उत्खनन केलें. त्या टेंकाडांतून निघालेली कांशाचीं भांडीं व पोसायडनची लहानशी मूर्ति पाहण्यास लोक टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत जातात. त्यांतील रोमन धाटणीच्या कांस्यपात्राला सातवाहनकालीन कोल्हापूरकर काय म्हणत असेल? वस्तु कांचेच्या कपाटांत आहे, शब्द हरवला. इब्री ग्रंथांत शब्द आहे, वस्तु जमिनींत. ही जोडी जुळविण्याचें काम केल्सो यांनीं १९४८ च्या आपल्या लहानशा ग्रंथांत नेटानें केलें. त्यांत 'बक्बूक' याची ओळख पटविली आहे ती आम्हांस फार पटते. अरुंद मानेची मातीची सुरई. ओततांना जो आवाज होतो तेंच तिचें नांव, आमच्या 'बुडबुड' शब्दाप्रमाणें. यिर्मया प्रवक्ता कुंभाराकडून ही सुरई विकत घेतो व लोकांदेखत फोडतो. आणि त्याच भाषणांत देव म्हणतो, 'मी मसलत रिती करीन', तेथील क्रियापद 'बक्बूक' याच्याच ध्वनीचें. 'पात्र फोडलें' असें भाषांतर केलें म्हणजे ध्वनि गेला, मान गेली, आणि फुटल्यावर सांधतां येत नाहीं हा मुद्दाहि दुबळा झाला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लींत जाऊन विचारावें. पसरट परळ टवका उडाला तरी वापरतां येतो, सुरईची मान गेली कीं सुरई गेली.

आतां कोप आणि भांडें एकत्र येतात तीं स्थळें. यिर्मयाला दुसऱ्या दर्शनांत 'सीर नाफूआह' दिसतो. 'सीर' म्हणजे स्वयंपाकाची मोठी हंडी. 'नाफूआह' याचें भाषांतर सामान्यतः 'उकळती' असें करतात. धातूचा अर्थ मात्र फुंकणें. फुंकलेली हंडी म्हणजे काय, असें एका पाश्चात्य टीकाग्रंथांत बराच ऊहापोह करून मांडलेलें वाचलें तेव्हां आम्हांस आमच्या मातुःश्रींची फुंकणी आठवली. ज्यानें चुलीपुढें बसून ओल्या लांकडांवर फुंकर मारली आहे त्याला टीका नको : जिच्याखालील विस्तव फुंकून फुंकून फुलविला आहे ती हंडी. इयोबाच्या ग्रंथांत महानक्राच्या नाकपुड्यांतून धूर निघतो तो 'फुंकलेल्या दूदा'सारखा; 'दूद' हेंहि रांधण्याचें भांडें, आणि गंमत अशी कीं हाच शब्द टोपलीसहि लागतो. नाकपुडी, फुंकर, विस्तव, हंडी : कोपाच्या चित्राचीं चारहि अंगें येथें एका ओळींत येतात. 'नाक' या शब्दानें कोप कां सांगितला जातो याचें उत्तर कोशांत नसून चुलीपाशीं आहे.

यहेज्केलाच्या चोविसाव्या अध्यायांतील हंडी तांब्याची आहे. तिच्या आंत 'हेलआ' बसली आहे. मांस शिजवून, हाडें जाळून, शेवटीं रिकामी हंडी निखाऱ्यावर लाल होईपर्यंत तापवूनहि ती सुटत नाहीं, तेव्हां देव म्हणतो कीं माझा 'हेमा' शांत होईपर्यंत तूं शुद्ध व्हावयाची नाहींस. 'हेलआ' यास कोशांत 'गंज' असा अर्थ सांपडतो. पण गंज लोखंडास. तांब्यास चढतो तो कळंक. कल्हई गेलेल्या भांड्यांत ताक ठेविलें कीं तें 'कळकतें', हें ज्या भाषेंतील आजीबाईस ठाऊक आहे, त्या भाषेंत 'गंज' लिहिणें म्हणजे घरचें सोनें टाकून बाजारचें पितळ आणणें. कळकलेलें अन्न विषारी असतें, हा अर्थ येथें प्रकरणास किती धरून आहे! 'कळंक' यास डाग, बट्टा हा नैतिक अर्थ आहेच, तो निराळा ओढून आणावा लागत नाहीं. हें आमचें अनुमान आहे, तज्ज्ञांनीं तपासावें.

वर 'हेमा' आला. हा शब्द उष्णतावाचक. म्हणून 'संताप' हा त्याचा न्याय्य प्रतिशब्द, कारण त्यांतहि 'तप्' आहे. येथें संस्कृताचा आश्रय केल्याबद्दल आम्ही कोणास दोष देणार नाहीं. परंतु 'हेमा' याचा दुसरा अर्थ सापाचें विष. म्हणूनच यशयाच्या व यिर्मयाच्या ग्रंथांत 'हेमाचा कोस', म्हणजे कोपाचा प्याला, राष्ट्रांस पाजला जातो. राग पितात कसा, ही शंका मराठी वाचकास येते; विष पितात ही येत नाहीं. हगादा वाचतांना चौथा प्याला भरतेवेळीं 'तुझा हेमा ओत' असें एकुणऐंशींाव्या स्तोत्रांतील वचन म्हणण्याचा प्रघात आहे. हातांत प्याला, तोंडीं 'ओत'! मराठींत 'गरळ ओकणें' यांत विष आणि कोप हे दोन्ही आहेत, पण तो शब्द निंदेचा. देवास लावतां यावयाचा नाहीं. 'आग पाखडणें' यांत ओतणें नाहीं. तेव्हां येथें 'संताप ओत' यावरच थांबावें लागतें व हातांतील प्याल्यानें उरलेलें काम करावें. सर्वच जागीं मराठी पुरी पडते असा आमचा आग्रह नाहीं.

या मार्गानें जाण्याचें धैर्य एका व्यक्तीनें दाखविलें होतें. पंडिता रमाबाईंनीं इब्री व ग्रीक शिकून केलेलें बायबलचें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं केडगांवच्या मुक्तिसदनांतून निघालें. ज्या बाईंस १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं 'सरस्वती' म्हटलें, तिनें संस्कृतप्रचुर भाषा टाकून साधी मराठी जाणूनबुजून पत्करली. तिच्या भाषेस कित्येकांनीं ओबडधोबड म्हटलें. आम्हीहि तरुणपणीं म्हटलें; तें मत आज मागें घेतों.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. ज्या सणाची ही पोथी, त्यास कोंकणांतील बेने इस्राएल लोक जुन्या काळीं 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. केहिमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेल्या व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापलेल्या आपल्या इतिहासांत त्याचा उलगडा, आंबट रसाचें मातीचें भांडें सणापुरतें झांकून ठेवण्याचा दिवस, असा केला आहे. इब्री नांव विसरलेल्या समाजानें आपला सर्वांत मोठा सण एका भांड्याच्या झांकणावरून लक्षांत ठेविला. १९४८ नंतर ही मंडळी बहुसंख्येनें इस्राएलांत गेली. अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूस घरें थोडीं उरलीं. या पोथ्यांच्या जुन्या प्रती कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांच्या समासांतील बालबोध किंवा मोडी टिपणें, विशेषतः भांड्यांचीं नांवें, उतरून मंडळाकडे पाठवावीं. आणि पुण्याच्या पोथीच्या आरंभीं लुगडीं नेसलेल्या बाया सणाच्या भाकरी करीत असल्याचें जें चित्र आहे, त्यांतील प्रत्येक भांड्यास त्या घरांत काय म्हणत तें कोणा वृद्ध बाईस विचारून त्याच कागदावर लिहावें.